सोयरिकीचे डॉक्टर

मी रुजू झाले त्या सकाळी डॉक्टरांनी भरल्या व्हरांड्यात एका माजी सरपंचांच्या मूळव्याधीचा निकाल लावला.

"सरपंचसाहेब, मिरची सोडा म्हटलं होतं ना तुम्हाले? आता बसता येत नाही तं उभ्यानं भाषण द्या!"

तीन बाकांवरची माणसं हसली. सरपंचही हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "डाक्टरसाब, परवाच्या तेरवीत त्यायनं तीनदा रस्सा घेतला जी, मी पाह्यलं!" डॉक्टरांनी ती साक्ष मान हलवून नोंदवली आणि मगच चिठ्ठी लिहिली. मी हातातली फाईल छातीशी धरून उभी होते. नागपुरात डिप्लोमा करताना रुग्णाच्या गोपनीयतेवर मी एक पूर्ण पेपर लिहिला होता. त्यात मला चांगले मार्क होते. इथे एका मिनिटात त्या पेपराचा चुथडा झाला.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आई-बाबा धानाच्या बांधीत, आजीची सही म्हणजे अंगठा. मी साकोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, मग नागपुरात खोली करून रुग्णालय व्यवस्थापन शिकले, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं ते माझ्या हुशारीकडे बघून नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम नवीन झाले होते. भिंतीवर रुग्णहक्कांची सनद हवी, दरपत्रक हवं, तक्रार कुठे करायची तो नंबर हवा, कचऱ्याच्या पिशव्या रंगानुसार आणि बारकोड लावून हव्या, बाईला तपासताना खोलीत दुसरी बाई हवी. वर माहिती संरक्षणाचा नवा कायदा: पेशंटची माहिती पेशंटची, त्याच्या परवानगीशिवाय कोणाला द्यायची नाही. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं होतं, आणि भंडाऱ्याहून पथक कधीही येणार होतं. डॉक्टरांना माझी गरज नव्हती. त्यांच्या नोंदणीला होती.

डॉक्टर कधी केबिनमध्ये बसले नाहीत. केबिनमध्ये सलाईनचे खोके होते. ते बसायचे व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीवर, अनवाणी, पांढऱ्या पायजम्यावर शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप. समोर तीन लांब बाक. माणसं नंबराने बसायची नाहीत, गावाने बसायची. एकोडीकडचे एका बाकावर, हायवेकडचे दुसऱ्यावर, जंगलाकडचे तिसऱ्यावर. एखादा नवखा चुकून दुसऱ्या बाकावर बसला की डॉक्टर त्याला उठवत. कारण त्यांची औषध द्यायची पद्धतच तशी होती. पेशंटला तपासायचं, आजार मोठ्याने सांगायचा, आणि मग त्याच्या गावच्या बाकाकडे बघून विचारायचं, "याच्या शेजारी कोण राहते?" कोणी हात वर केला की त्याला हुकूम: "हा गोळी घेते का नाही ते तू पाहाजो. नाही घेतली तं पुढच्या बुधवारी तुले सुई टोचतो."

लोक हसायचे, पण बघायचे. टीबीची गोळी मधेच सोडणारा माणूस त्यांच्या दवाखान्यात मी क्वचितच पाहिला. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण नियम नियम असतो, आणि मी नियमाची माणूस.

"सर, कोणाचाही आजार असा ओरडून सांगता येत नाही," मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं.

"मी कुठं ओरडलो? माहा आवाजच असा आहे."

"मग आत बसा."

"आत गेलो का मंग रोग बाहेर येतच नाही, मॅडम. घरी जाऊन लुगड्याखाली बसते."

मला ते मॅडम म्हणायचे. मान म्हणून नाही. माझ्या फायलीला उद्देशून.

पिशव्यांचं मात्र त्यांना वेड लागलं. पिवळी, लाल, निळी, पांढरा डबा. कशात काय टाकायचं हे मी समजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्या सिस्टरबाईंचं जगणं कठीण झालं. डॉक्टर स्वतः हातमोजे घालून पिशवीत वाकून बघायचे. एकदा लाल पिशवीत कापसाचा बोळा सापडला तर भर ओपीडी थांबवून त्यांनी तो चिमट्यात धरला आणि बाकांना दाखवला: "हे कोणाचं पाप आहे?" सनद आली तेव्हाही असंच. पेंटरने भिंतीवर लिहून झाल्यावर डॉक्टर खुर्ची वळवून बसले आणि पोथी वाचावी तशी ती बाकांना वाचून दाखवली. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा तुमचा हक्क आहे, वाचून म्हणाले, "घ्या ना, बिनधास्त घ्या, भाड्याले पैसे असतील तं." स्वतःचे कागद मागायचा हक्क आहे. "मागा, पण कागदात भजे बांधू नका." गोपनीयतेच्या ओळीवर आले, थांबले, मला म्हणाले, "हे आपल्याकडलं नाही," आणि पुढची ओळ वाचू लागले.

मग मला मोबाईलवरचे ग्रुप सापडले. प्रत्येक गावाचा एक ग्रुप, आणि त्यावर डॉक्टर रोज संध्याकाळी सगळ्यांचे रिपोर्ट टाकायचे. साखर, बीपी, कावीळ, सगळं, नावानिशी. खाली लोकांचे अंगठे आणि फुलं. माझ्या हातातून फोन पडायचाच बाकी होता. मी ते ग्रुप त्यांच्या हातानेच बंद करवले. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गर्दी. एक म्हातारी काठी आपटत माझ्या टेबलाजवळ आली. "बाई, माही साखर काहून नाही टाकली? सगळ्याईची टाकली, माहीच राहिली. सून म्हणते बुढी खोटी बिमार आहे!" तिला कायदा कसा समजवायचा ते माझ्या डिप्लोमात नव्हतं.

पण हे सगळं वरवरचं होतं. खरं काय चाललं होतं ते मला कळलं धान निघाल्यावर.

आमच्याकडे दिवाळीनंतर धान घरात आलं की सोयरिकी सुरू होतात. त्या दिवसांत व्हरांड्यात पेशंट नसलेली माणसं येऊन बसू लागली. डोक्याला पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत नवा तांदूळ नाहीतर शिंगाडे. डॉक्टरांच्या कानाशी लागून काहीतरी म्हणायचे. एखादं नाव, एखादं गाव. डॉक्टर जरा वेळ डोळे मिटून बसायचे. मग कोणाला म्हणायचे, "पोहे खाऊन जा," आणि कोणाला, "चहा घ्या अन् घरी जा." पोहे मिळालेला हसत जायचा. चहा मिळालेला अर्धा कप तसाच ठेवून उठायचा. मला वाटलं, केवढा हा पाहुणचार. शेवटी सिस्टरबाईंना विचारलं.

"तुले नाही माहीत?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी शिकलेच कशी. "सिकल आहे ना आपल्याकडं. डाक्टरसाबनं पार करडी गावापर्यंत शिबिरं घेतली, कोणाच्या रक्तात काय आहे त्यायले तोंडपाठ. पोट्टा-पोट्टी दोघंही वाहक असले का सोयरीक करू नये. म्हणून बाप विचारून जाते. पोहे म्हणजे करा. चहा म्हणजे नको."

मी खुर्चीवर बसले. सिकलसेलच्या वाहकाला स्वतःला त्रास नसतो, पण आई-बाप दोघे वाहक असले तर मूल तो पूर्ण आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. हे मला माहीत होतं. पण एका घराच्या मुलीचं रक्त दुसऱ्या घराच्या बापाला असं चहाच्या कपातून कळवलं जातं, आणि वर्षानुवर्षं, हे मला माहीत नव्हतं. मुलीला कोणी विचारत नव्हतं. मुलालाही नाही.

मी तशीच व्हरांड्यात गेले. "सर, हा गुन्हा आहे."

"कोणता? मी एक शब्द बोललो का? चहा पाजला."

"कायदा शब्द बघत नाही."

"मंग कायद्याले सांग, तूही एक कप घे." बाक हसले. पण डॉक्टर हसले नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाले, "तू सिकलच्या दुखण्यानं ओरडणारं लेकरू पाह्यलं का कधी? हाडात सुया टोचल्यासारखं होते त्याले. बापाच्या खांद्यावर टाकून आणते, नागपूरले पाठवाले गाडी नसते. ते पाहाजो एकदा. मंग माहा चहा मोज."

त्याचं उत्तर भंडाऱ्याहून आलं. करडीच्या एका घराने लेखी तक्रार केली होती, की या डॉक्टरांनी आमच्या मुलाचा आजार परक्याला सांगितला आणि ठरलेली सोयरीक मोडली. पथक आलं, पिशव्या बघून खूश झालं, सनदेचा फोटो काढला, आणि जाताना त्यातल्या मोठ्या साहेबांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. अशी आणखी एक तक्रार आली तर नूतनीकरण होणार नाही. म्हणजे दवाखाना बंद. म्हणजे त्या तीन बाकांनी उठून जायचं कुठे, हे त्या साहेबांनाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "आजपासून कोणाले चहा नाही. पोहेही नाही. झालं समाधान?"

झालं होतं. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, मी काहीतरी केलं.

मग एकोडीचे काका आले. बाबांचे बाजारातले जुने मित्र, माझ्या लहानपणी आमच्याकडे यायचे तेव्हा मुरमुऱ्याचे लाडू आणणारे. त्यांच्या धाकट्या मुलीची सोयरीक करडीच्याच दुसऱ्या एका घरातल्या मुलाशी ठरत आली होती.

"घर चांगलं आहे, पोट्टा चांगला आहे. आता तुमचं काय ते सांगा," ते डॉक्टरांसमोर उकिडवे बसले.

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले, आणि दुसऱ्याच पेशंटची चिठ्ठी लिहायला घेतली.

"पोहे सांगा ना जी. भूक लागून राहिली."

डॉक्टर लिहीतच राहिले.

"मंग चहा?"

"काका, आता येथं काही मिळत नाही."

"काहून? दूध संपलं का?"

बाकांवर हशा उठला. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या मॅडमले विचारा. नियम त्यायचा आहे."

काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, मला वाटतं नुसतं आश्चर्य होतं. "बाई, तू तं आपल्यातली पोरगी. तुह्या बाबाले येथं मीच घेऊन आलो होतो, तुही सोयरीक होती तेव्हा. डाक्टरसाबनं चहा पाजला, आम्ही उठलो. तुहं भलं झालं. अन् माह्या पोरीची पाळी आली तं दूध संपलं?"

व्हरांड्यात कोणी हसलं नाही. मी काकांकडे बघत होते आणि त्यांचं बोलणं कळायला मला वेळ लागत होता.

बी.एस्सी. झाल्यावर माझी एक सोयरीक आली होती. मुलगा शिक्षक. बघायला आले तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, पुढे शिकायचं आहे का, आणि मी हो म्हटल्यावर तो स्वतःच्या वडिलांकडे वळून म्हणाला होता, शिकू द्यायचं. मला तो आवडला होता. मग एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि म्हणाले, पत्रिका जुळली नाही. मी पत्रिकेला शिव्या दिल्या, बाबांशी भांडले, नागपूरला निघून गेले. आनुवंशिकतेचा तो धडा मी कॉलेजात शिकले होते. चौकट आखून, दोन्हीकडची अक्षरं भरून, कोणत्या घरात काय येईल ते लिहून पूर्ण मार्क घेतले होते. त्याच कॉलेजात शिबिर झालं तेव्हा माझंही रक्त घेतलं होतं, आणि रिपोर्ट घरी कळवू म्हणाले होते. घरी कळवला होता. ती अक्षरं माझ्या रक्तात आहेत हे बाबांना माहीत, काकांना माहीत, डॉक्टरांना माहीत. आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून त्यांना गोपनीयता शिकवत होते.

मी डॉक्टरांकडे बघितलं. अख्ख्या तालुक्याचे आजार ओरडून सांगणारा माणूस खाली, स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत होता.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या मुलीला घेऊन या. रिपोर्ट तिचा आहे. तिलाच सांगतील."

"तिले काय सांगाचं? तिच्या बापाले सांगा."

"तिलाच."

माझा आवाज इतका मोठा निघाला की सिस्टरबाई आतून धावत आल्या.

त्या दिवशी मी डॉक्टरांशी बोलले नाही, ते माझ्याशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर केबिन रिकामी होती. सलाईनचे खोके डॉक्टरांनी स्वतः उचलून मागच्या खोलीत नेले होते. आत एक टेबल, तीन खुर्च्या. भिंतीवर खोक्यांच्या उंचीएवढी ओल.

मुलगी आली. बी.एड. करत होती, खांद्याला पर्स, केसांना पिन. मी तिला विचारलं, मी खोलीत थांबले तर चालेल का. ती म्हणाली, थांबा ना. मी दार लावलं. बाहेर काका.

"बेटा, तुह्या रक्तात—" डॉक्टरांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, आणि दचकून दाराकडे बघितलं. मग त्यांनी आवाज खाली घेतला. आयुष्यात कधी घेतला नसेल इतका खाली.

"काय जी?" मुलगी म्हणाली. "आयकू नाही आलं."

त्यांनी घाम पुसला. पुन्हा प्रयत्न केला. तू वाहक आहेस, तुला स्वतःला काही होणार नाही, पण समोरच्याची तपासणी तू विचारून घे. करडीच्या मुलाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ते न बोलणं त्यांच्या जबड्यात दिसत होतं.

"मले माहीत आहे," मुलगी म्हणाली. "मले कॉलेजातच कार्ड दिलं ना. त्याचंही माहीत आहे. त्यानंच सांगितलं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणून आम्ही दोघं नागपूरले जाऊन विचारून आलो. दिवस राहिले का लवकर तपासाचं, काय होऊ शकते, काय नाही, मंग काय कराचं, सगळं आयकून घेतलं. मंगच हो म्हटलं."

"तू लेकराचं दुखणं पाह्यलं का?"

"पाह्यलं जी. माह्या मावशीचा पोरगा. म्हणूनच तं नागपूरले गेलो."

"अन् तुह्या बाबानं मले विचारलं..."

"बाबानं तुम्हाले विचारलं. मले कोणी विचारलंच कुठं?" ती अगदी सरळ बोलली, तक्रार म्हणून नाही. "बाबाले मी सांगन. तुम्ही नका सांगू. अन् चहा तं बिलकुलच पाजू नका."

डॉक्टरांनी टेबलावर दोन्ही तळवे ठेवले होते.  ती उठून गेली तरी ते तसेच बसून. "त्यायनं दोघांनी ठरवलं," ते मला नाही, टेबलाला म्हणाले. "असंही ठरवता येते."  नंतर म्हणाले, "किती जणाईले मी चहा पाजला असन?"

बाहेर काकांनी त्यांना अडवलं. "काय निघालं डाक्टरसाब?" तीनही बाक माना वर करून बघत होते. "तिले विचारा," डॉक्टर म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसले. पहिल्या पेशंटला त्यांनी काय होते ते इतक्या हळू विचारलं की त्या माणसाने स्वतःच मागे वळून बाकाला सांगितलं, "पोट विचारून राहिले."

नूतनीकरण पुढे झालं. काकांच्या मुलीचं लग्न झालं. काका वर्षभर डॉक्टरांशी बोलले नाहीत, पण मंडपात त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. मी आता नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात याच कामाला आहे. तिथे प्रत्येक खोलीला दार आहे, आणि दाराआड कोणी कोणाला काय सांगतं याची नोंद होते. डॉक्टरांसारखा माणूस तिथे एक दिवस टिकला नसता. त्यांच्या आठवणीने मला हसू येतं, आणि मग त्या दुपारची आठवण येते तेव्हा येत नाही.

मुलगी येऊन गेली त्याच दिवसाची दुपार. बाक रिकामे झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "दार लाव. बस." मी पेशंटच्या खुर्चीवर बसले.

"तू वाहक आहेस," ते म्हणाले. "तुले त्याचा काही त्रास नाही. लग्न करशील तं त्याची तपासणी आधी विचारजो. हे मी तुले तेव्हाच सांगाचं होतं. तुह्या बाबाले सांगितलं, तुले नाही. चुकलं माहं."

बाबांना किती वर्षं हे पोटात ठेवावं लागलं असेल, हे पहिल्यांदा माझ्या मनात आलं. मी मान हलवली. मग विचारलं, "आणि त्याचा रिपोर्ट?"

"कोणाचा?"

"सर, त्या शिक्षकाचा."

त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"त्याचं लग्न झालंय. मुलं आहेत. मला त्याच्याकडे जायचं नाही. मला एवढंच कळायला हवं की तो चहा बरोबर होता का. तुमच्याकडे त्याचा रिपोर्ट होता, की नुसत्या घराण्यावरून सांगितलं?"

"तेच नाही सांगता येत."

"सर, माझं आयुष्य होतं ते."

"होतं. पण रक्त त्याचं आहे. त्यानं मले सांगाले नाही सांगितलं."

एका शब्दाने वाद घालता येत नव्हता. मी त्यांना हेच तर शिकवलं होतं. म्हणून मी नुसती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. त्या माणसाला आयुष्यात कधी काही लपवता आलं नव्हतं. कावीळ असो, मूळव्याध असो, आधी त्यांच्या तोंडावर दिसायची आणि मग बाकांना कळायची. पापणी हलेल, ओठ आवळतील, कुठेतरी काहीतरी कळेल, म्हणून मी बघत राहिले. ते माझ्या नजरेला नजर देऊन बसले होते, आणि त्या चेहऱ्यावर मला काहीही वाचता येत नव्हतं.